दिनविशेषाचं फडताळ : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

काम असं आहे : घरातल्या ६४० पुस्तकांमधून (त्यातले ७२ दिवाळी अंक) वर्षभराचे दिनविशेष साजरे करायचे. जागा एकच, दारासमोरच्या कपाटातलं छातीच्या उंचीचं फडताळ, ९० सेंमी लांब आणि ३० सेंमी खोल. दिवस आला की त्याचं पुस्तक तिथे तीन दिवस राहील, शेजारी एक कार्ड असेल. चौथ्या दिवशी पुस्तक आपल्या जागी परत.

एक नियम आजच पक्का केला : आधी पुस्तक, मग दिवस. इंटरनेटवरची यादी उघडून बसलं तर रोजचे पाच-सहा 'जागतिक दिन' सापडतात आणि प्रत्येकासाठी पुस्तक विकत आणावं लागतं. मग ते खरेदीचं वेळापत्रक होतं. संग्रहात काय आहे ते आधी बघायचं आणि त्यातलं पुस्तक ज्या दिवसाकडे बोट दाखवेल तोच दिवस घ्यायचा. टॉवेल डे (२५ मे) याच कारणाने गेला. तो ज्या इंग्रजी कादंबरीवर उभा आहे ती घरात नाही.

यादीचे रकाने : अनुक्रमांक, शीर्षक, आवृत्ती, बांधणी (शिवलेली की चिकटवलेली), कागदाची अवस्था, प्रस्तावनेची तारीख, दिवस, दिवसाचा आधार. बांधणीचा रकाना सुरुवातीला अनेकांना फालतू वाटतो. पुस्तक उघडं ठेवता येईल की मिटूनच, हे त्यावरच ठरतं.

१६ नोव्हेंबर

दिवसांची चाळणी. ११८ दिवस जमले होते, ३१ उरले. कसोटी एकच, तो दिवस कोणी आणि कधी ठरवला हे सांगता आलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रं, युनेस्को, केंद्र किंवा राज्य सरकार, किंवा निदान नाव-गाव असलेली एखादी संस्था. नुसतं 'दरवर्षी साजरा होतो' एवढंच मिळालं तर तो दिवस बाद.

चहाच्या दिवसाने वेळ खाल्ला, कारण दोन तारखा चालतात. १५ डिसेंबर हा चहा पिकवणाऱ्या देशांमधला जुना दिवस, २००५ पासूनचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये २१ मे ठरवला. कार्डावर २१ मे घेतला आणि जुनी तारीख खाली बारीक अक्षरात दिली. चहाचा कप मात्र फडताळापासून हाताच्या अंतरावरही नको, तो दुसऱ्या खोलीत. डाग तर पडतोच, शिवाय साखरेच्या थेंबावर मुंग्या येतात आणि त्या पुठ्ठ्याच्या सांध्यात शिरतात.

५ नोव्हेंबरला दोन दावेदार आहेत. मराठी रंगभूमी दिन (विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', सांगली, १८४३) आणि वन्यजीवांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. तिथून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत, राज्याचा पक्षी सप्ताह असतो. नाटकाला ५ तारीख पूर्ण दिली, पक्ष्यांना ६ ते १२.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस प्रस्तावनांचा. मराठी पुस्तकांची ही खास दौलत आहे : लेखक प्रस्तावनेखाली 'गुढीपाडवा, शके १८८४' किंवा 'माघ शुद्ध पंचमी' असं लिहून सही करतो. म्हणजे पुस्तकाने स्वतःचा दिवस स्वतःच सांगून ठेवलेला असतो. तो कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेला नसतो, आणि तरी या प्रकल्पातला सगळ्यात अस्सल दिवस तोच. ६४० पैकी ९४ पुस्तकांत असा उल्लेख मिळाला.

शकाचं इसवी सन करताना ठरलेली चूक होते, सरसकट ७८ मिळवले जातात. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ बरोबर आहे. १ जानेवारीनंतर पाडव्यापर्यंत ७९ हवेत. 'माघ शके १८९०' म्हणजे १९६८ नव्हे, १९६९ चा जानेवारी-फेब्रुवारी. पौष, माघ आणि फाल्गुन दिसला की थांबून बघायचं. पौष बहुधा दोन्ही सनांत पसरलेला असतो, त्यामुळे तिथी बघितल्याशिवाय सन लिहायचा नाही.

दुसरा घोटाळा सरकारी प्रकाशनांत. तिथे '७ माघ १८९०' असं दिसतं, पण शुद्ध-वद्य नसतं. ही तिथी नाही. १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेची ही तारीख आहे आणि ती इंग्रजी तारखेला बांधलेली असते. तिथला माघ २१ जानेवारीला सुरू होतो, म्हणून ७ माघ म्हणजे २७ जानेवारी. पडताळा सोपा आहे : ६ माघ हा प्रजासत्ताक दिन आला पाहिजे आणि २४ श्रावण हा स्वातंत्र्य दिन. शुद्ध-वद्य असेल तर पंचांग, नसेल तर सौर तारीख, अशी खूण रकान्यात केली. ९४ पैकी ११ नोंदी यामुळे दुरुस्त झाल्या.

३० नोव्हेंबर

तिथीचे दिवस वेगळ्या तक्त्यात काढले. तारखेचे दिवस एकदा लिहिले की झालं, तिथीचे दरवर्षी नव्याने भरावे लागतात. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. अधिक मास आला की उलट १९ दिवस पुढे जातो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे (१७ मे ते १५ जून), त्यामुळे त्यानंतरचं सगळंच लांबलं. दिव्यांची अमावास्या २०२५ मध्ये २४ जुलैला होती, २०२६ मध्ये १२ ऑगस्टला येते.

आणि १२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन! एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस. पुस्तकांचा दिवस आणि दिव्यांचा दिवस एकाच तारखेला आले आहेत. या वर्षाचा हाच मोठा दिवस धरायचा. तयारी एप्रिलपासून, कारण तेव्हा श्रावण तोंडावर असेल आणि हवा ओली.

७ डिसेंबर

पुस्तक उघडं ठेवण्यासाठी आधार. पुस्तक १८० अंशांत सपाट उघडून ठेवलं की कण्यावर सगळा ताण येतो, म्हणून १२० अंशांवर थांबवायचं. त्यासाठी पाचरीच्या आकाराचे दोन आधार लागतात. प्रत्येकाचा तळ १६ सेंमी, बाहेरची उंची ९.२ सेंमी, उतार १८.५ सेंमी. उतरत्या बाजू एकमेकींकडे तोंड करून ठेवायच्या आणि मध्ये पुस्तकाच्या कण्याएवढी फट सोडायची. कणा त्या फटीत लोंबकळतो, त्याच्यावर वजन येत नाही.

साहित्य : ३ मिमी जाडीचा बाइंडिंगचा पुठ्ठा, बाहेरून सुती कापड, मैद्याची खळ. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ८ ते १० मिनिटं, सतत ढवळत, पांढरटपणा जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत. गाळून घ्यायची, नाहीतर गुठळी कापडाखाली फोडासारखी दिसते. बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात, कीड लागू नये म्हणून. इथे घालायची नाही. तांब्याचा अंश कागदाला लागला की कागद लवकर काळा पडतो आणि ठिसूळ होतो, आणि हा आधार थेट पुस्तकाला टेकणार आहे. ताजी खळ दोन दिवसांत संपवायची.

१० डिसेंबर

आधार वाकले. दोन्ही उतार केळीच्या पानासारखे आत वळले. कारण उघड आहे : कापड एकाच बाजूने चिकटवलं, खळ वाळताना कापड आक्रसलं आणि त्याने पुठ्ठा ओढून घेतला. दुसऱ्या बाजूने ओढणारं काहीच नव्हतं.

पुन्हा केलं. आतल्या बाजूने तपकिरी कागद त्याच खळीने लावला आणि वजनाखाली २४ तास ठेवला (दोन फरशा, मध्ये मेणकागद). पुठ्ठ्यातल्या तंतूंची दिशाही या वेळी पाहिली. तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचा. ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी तंतूंना समांतर असते. पुठ्ठा, कापड आणि कागद, तिघांचे तंतू एकाच दिशेला ठेवले. आता सरळ आहेत.

चिकटवलेल्या बांधणीच्या पुस्तकांना हा आधारसुद्धा चालत नाही. त्यांत फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवलेले नसतात, सुटी पानं नुसत्या गोंदाने कण्याला धरलेली असतात. गोंद वाळून कडक झाला की पुस्तक उघडताना 'कट्' असा आवाज येतो आणि मधलं पान हातात येतं. अशी पुस्तकं मिटूनच, मुखपृष्ठ पुढे करून उभी ठेवायची. हवं ते पान अर्धवट उघडून फोनने टिपायचं आणि त्याची छापील प्रत शेजारी लावायची.

२१ डिसेंबर

कार्डं. १० × १५ सेंमी, ३०० जीएसएमचं आयव्हरी कार्ड. वर तारीख, मग दिवस कोणी ठरवला, मग पुस्तक आणि पान क्रमांक, शेवटी जास्तीत जास्त आठ ओळी. आठपेक्षा जास्त ओळी असतील तर उभ्याने कोणी वाचत नाही.

पानाची खूण म्हणून चिकट चिठ्ठ्या अजिबात नकोत. चिठ्ठी निघते पण डिंकाचा थर राहतो, त्याला धूळ धरते, आणि जुन्या मऊ कागदाचा पापुद्रा कधीकधी चिठ्ठीबरोबरच निघतो. साध्या पातळ कागदाची ३ सेंमी रुंद पट्टी पुरते. यूपिन आणि टाचणीही नको. दिवाळी अंकांच्या पिना गंजलेल्या होत्या. त्या आतल्या बाजूने पाय सरळ करून काढल्या आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने तीन टाके घातले. बाहेरून उपटल्या की गंजाच्या कडेने कागद फाटतो.

१ जानेवारी २०२६

पहिला दिवस मांडला : सार्वजनिक हक्क दिन (पब्लिक डोमेन डे). फारसा कोणाला माहीत नाही, पण घरच्या संग्रहासाठी याच्याइतका उपयोगाचा दिवस क्वचितच असेल. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचा हक्क (कॉपीराइट) राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६५ मध्ये निधन झालेल्या लेखकांचं लेखन आज मोकळं झालं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं आहे. आचार्य अत्रे १९६९, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३०. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०६०.

यादीत 'निधन वर्ष' हा रकाना वाढवला, त्यापुढे ६१ मिळवून आलेलं साल. सावध राहायची जागा : मूळ लेखन मोकळं झालं तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचा हक्क वेगळा असतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचं निधन वर्षही धरायचं.

४ जानेवारी

जागतिक ब्रेल दिन. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ चा. संग्रहात ब्रेलमधलं एक पुस्तक आहे. ते उभंच ठेवायचं, त्याच्यावर काही रचायचं नाही. वजनाखाली टिंबं चपटी होतात आणि बोटाला लागेनाशी होतात.

कार्डावर 'मराठी' हा शब्द भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत) काढला. सहा टिंबांचं घर : डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. म = १-३-४, र = १-२-३-५, आ = ३-४-५, ठ = २-४-५-६, ई = ३-५. काना आणि वेलांटी अक्षराला चिकटत नाहीत, स्वर पुढच्या घरात स्वतंत्र बसतो, म्हणून पाच घरं. दोन टिंबांत २.५ मिमी, दोन घरांच्या सुरुवातीत ६ मिमी अंतर. जाड कार्ड रबराच्या तुकड्यावर पालथं ठेवून बोथट सुईने दाबलं.

पहिलं कार्ड वाया गेलं. पाठीमागून दाबताना सगळं आरशासारखं उलटं आणि उजवीकडून डावीकडे काढावं लागतं, ते राहिलं. घराची उलटापालट झाली की १ च्या जागी ४ येतो, २ च्या जागी ५, ३ च्या जागी ६. म चा झाला श (१-४-६). र चा झाला ठ आणि ठ चा र, कारण ही दोन अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत. त्यामुळे शब्द कार्डाच्या उलट्या टोकाने सुरू झाला आणि तिथेही भलतीच अक्षरं वाचता आली. दुसऱ्या कार्डावर आधी पेन्सिलने उलटा आराखडा काढला आणि मग सुई लावली.

६ जानेवारी

पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', १८३२, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी. यानिमित्ताने पुस्तकांत दडलेली वर्तमानपत्रांची कात्रणं काढली. ३८ निघाली. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो ज्या दोन पानांमध्ये असतो त्यांच्यावर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटवतो. कात्रणं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, प्रत्येकावर पुस्तकाचा अनुक्रमांक आणि पान.

२८ फेब्रुवारी

काल मराठी भाषा गौरव दिन (कुसुमाग्रजांचा जन्म, १९१२), आज राष्ट्रीय विज्ञान दिन (रामन परिणाम, १९२८). लागोपाठचे दोन दिवस, जागा एकच. दोन वेगळे देखावे करण्याऐवजी काल-आज-उद्यासाठी एकच मांडणी केली : मराठीतून लिहिलेलं विज्ञान. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, खगोलशास्त्राची दोन पुस्तकं, आणि मध्ये परिभाषा कोश. कोशातलं 'विकिरण' आणि 'प्रकीर्णन' यांचं पान उघडं ठेवलं. या दोन शब्दांची गल्लत नेहमी होते, आणि रामन परिणाम प्रकीर्णनाचा, म्हणजे प्रकाश विखुरण्याचा आहे.

१४ मार्च

आज फडताळ रिकामं. 'पाय डे' (पाय म्हणजे π, परीघ आणि व्यासाचं गुणोत्तर) अमेरिकी पद्धतीच्या तारखेवर बेतलेला आहे. तिथे महिना आधी लिहितात, म्हणून ३/१४. आपण १४/३ लिहितो, त्यातून काहीच निघत नाही. आपल्या लिहिण्यात २२/७ येतो, म्हणजे २२ जुलै, आणि तो जास्त जवळचा आहे. ३.१४ मध्ये चूक ०.००१५९ ची, २२/७ मध्ये ०.००१२६ ची. कार्ड २२ जुलैला हलवलं.

त्या दिवशीचं पुस्तक 'लीलावती' (११५०), मराठी भाषांतरासह. भास्कराचार्यांनी परिघाची दोन मापं दिली आहेत, सूक्ष्म आणि स्थूल. सूक्ष्म माप शब्दांत दडवलेलं आहे : भ-नंद-अग्नि, म्हणजे २७, ९, ३. एकं स्थानापासून मांडायचं, ३९२७. ख-बाण-सूर्य, म्हणजे ०, ५, १२, १२५०. भागाकार ३.१४१६. स्थूल माप २२ आणि शैल, म्हणजे ७. त्यालाच 'व्यवहारयोग्य' म्हटलं आहे. कार्डावर चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचा उल्लेख घातला, तो भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा.

प्रयोगासाठी २८ सेंमी व्यासाचं ताट. २८ ला २२/७ ने गुणलं की ८८. सुतळी ताटाच्या काठावरून फिरवून मोजायची. लोकरीचा धागा घेतला तर तो ताणून काठावर बसतो, सोडला की आखडतो आणि माप ८५ वर येतं.

२० मार्च

जागतिक चिमणी दिन, २०१० पासून, पुढाकार नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा. सालिम अलींचं आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' ठेवायचा मोह होतो, पण ते चुकीचं ठरेल. त्यांनी लहानपणी पाडलेली चिमणी पिवळ्या गळ्याची रानातली होती, आणि आजचा दिवस घरचिमणीचा आहे. ते पुस्तक १२ नोव्हेंबरलाच. आज पक्ष्यांच्या ओळखीचं पुस्तक, घरचिमणीच्या पानावर उघडं. तीन दिवस सलग एकच पान नको. उन्हाची तिरीप ४ वाजता फडताळावर येते, तेव्हा पडदा.

२३ एप्रिल

जागतिक पुस्तक दिन, युनेस्को, १९९५. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले असं सगळीकडे छापतात. कागदोपत्री तारीख एक असली (सर्व्हान्टिस बहुधा आदल्या दिवशी, २२ एप्रिललाच गेले) तरी दिवस एक नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, स्पेनमध्ये ग्रेगोरियन, दोन्हींत दहा दिवसांचा फरक. शेक्सपिअरचा २३ एप्रिल १६१६ आजच्या हिशेबाने ३ मे. म्हणून मांडणी आजपासून ३ मेपर्यंत : सर्व्हान्टिसचा अनुवाद आज आणि शेक्सपिअरचा अनुवाद शेवटच्या दिवशी पुढे. एवढा काळ पुस्तक उघडं राहू नये, दोन्ही मिटलेली.

२६ एप्रिल

१२ ऑगस्टची रंगीत तालीम. रंगनाथन यांची ग्रंथालयाची पाच सूत्रं (१९३१) एका कार्डावर बसली. दुसऱ्या बाजूला कहाण्यांचं पुस्तक, दिव्यांच्या अवसेच्या पानावर. सून घरातलं खाणं स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते, उंदीर तिच्यावर सूड उगवतात, आणि शेवटी गावचे दिवे झाडावर जमून बोलतात ते राजा ऐकतो. पुस्तक १९५० च्या दशकातलं, शिवलेलं, उघडं राहू शकतं.

खरा प्रश्न आगीचा आणि तेलाचा. वात तडतडली की तेलाचा थेंब वीत-दोन वीत सहज उडतो, आणि कागदावरचा तेलाचा डाग निघत नाही. घासूनपुसून पूजेला मांडलेले दिवे देवघरातच राहतील. फडताळावर एकच समई, घासलेली, कोरडी, न लावलेली, खाली पाट. उजेडासाठी ३ वॉटचा पिवळा एलईडी, पुस्तकापासून ५० सेंमीवर.

ऑगस्टच्या हवेसाठी दमटपणा मोजणारं छोटं घड्याळ आतापासून कपाटात ठेवलं. काटा ६५ टक्क्यांच्या वर गेला की पुस्तक फक्त चार तास बाहेर, मग कपाटात, शेजारी सिलिका जेलच्या १०० ग्रॅमच्या दोन पिशव्या. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत परतायचे, ती कढई स्वयंपाकाला वापरायची नाही. डांबरगोळ्या ठेवलेल्या नाहीत. वास पानांत बसतो, आणि कसर लागलेली असेल तर मुळात ओल काढावी लागते.

राहिलेलं : जुलैची सहा कार्डं, समईखालचा पाट, आणि 'चिमा काय कामाची'चं विलोमपदांचं कार्ड. त्याला उलटसुलट सारखी वाचता येणारी तारीख हवी. आठ आकड्यांत अशी पुढची तारीख ०३/०२/२०३० आहे. कार्ड तयार करून पाकिटात घातलं, पाकिटावर तारीख लिहिली.